टाकीवर न चढता भरलेले आकडे

४ मार्च
बारा दिवसांनी लिहितोय, वहीनं माफ करावं. रक्त चढवलं की चार दिवस बरे जातात, पुढे हातात पेन धरवत नाही. हाडांनी रक्त बनवणं सोडलंय. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. प्रत्येक पिशवीबरोबर लोखंड येतं आणि अंगात साठतं. रक्त कमी, लोखंड जास्त! माझं काही सरळ चालेल तर शपथ.

७ मार्च
दवाखान्यात गणितवाली पुन्हा भेटली; डिसेंबरात गोळी सुरू झाली तेव्हा रोज खूण करायचा तक्ता हिनंच दिला होता. डॉक्टर नाही, पण पेशंटच्या अंगात लोखंड कसं फिरतं याचं गणित संगणकावर मांडते. पडद्यावर चौकोन – रक्त, हाडं, यकृत, हृदय. मधे बाण. म्हटलं, "बाई, या तर टाक्या झाल्या. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली मी. जादा पाणी जायची वाट कुठाय?"
"नाहीच, आजोबा. शरीर लोखंड आत घेतं, बाहेर टाकता येत नाही. म्हणून तर तुमची गोळी."
"कोणी बांधली ही टाकी? ठेकेदाराला बोलवा."
ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

१५ मार्च
गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी घ्यायची. खडू चाटल्यासारखी चव, मग दिवसभर पोट ढवळतं. आजही बेसिनमध्ये ओतली. गणितवालीच्या तक्त्यात लिहिलं – 'घेतली, सकाळी सात.'

१६ मार्च
ओतली. लिहिलं.

२४ मार्च
मुलाचा फोन. "औषध घेताय ना?" "घेतोय." "मग झालं तर." वर्षभर तोंड दाखवलं नाही. त्याची आई गेली तेव्हाही घड्याळ बघत बसला होता. चौकशी मात्र अशी, जणू साहेब खात्यात फेरी मारायला आलाय.

२ एप्रिल
गणितवाली रडवेली झाली होती. तिच्या गणिताप्रमाणे माझ्या लोखंडाची रेघ खाली यायला हवी. रक्त तपासलं तर वरच चाललीय. "माझं समीकरणच चुकतंय, आजोबा. सोमवारी सरांना दाखवायचंय. ते म्हणतात, सोडून दे हे." आठ महिन्यांचं काम. तेवढ्यात नर्स म्हणाली, "यांचा तक्ता बघा, एक दिवस खाडा नाही. बाकीच्यांनी शिकावं जरा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला घातल्या आणि घरी आलो.

३ एप्रिल
नोकरीतही हेच केलं. टाकीला एकशे चार पायऱ्या, रोज वर चढून पाण्याची पातळी लिहायची. गुडघे दुखले की खालीच खुर्चीत बसायचं, कालच्या आकड्यात थोडं इकडंतिकडं करायचं, रजिस्टर पुरं. सगळेच करायचे. टाकी कधी फुटली नाही, म्हणून अक्कलही आली नाही. सातवी नापास माणूस, पण आकडे भरण्यात पटाईत. आता एका पोरीचं काम बुडवतोय. आणि राग तिचाच येतोय – कशाला इतका विश्वास ठेवायचा माणसावर?

४ एप्रिल
रविवार असून ती दवाखान्यात बसली होती. गेलो आणि सांगून टाकलं. साडेतीन महिन्यांत वीसेक गोळ्या पोटात गेल्या असतील. ओरडली नाही. "आठवतील तेवढे खरे दिवस सांगा," म्हणाली आणि माझ्यासमोर एकेक खूण खोडत गेली. संपल्यावर म्हणाली, "कमाल केलीत, आजोबा." नंतर माझ्याकडे बघितलंच नाही.

६ एप्रिल
खरे आकडे घातले आणि रेघ जुळली. समीकरण बरोबर होतं. सरांनी काम पुढे चालू ठेवायला सांगितलं. मी विचारलं, "आता माझं पुढचं दाखव की." तिनं हृदयाचा चौकोन उघडला, बघितला, आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

९ एप्रिल
हृदयाचा फोटो काढला. तिचं गणित इथेही बरोबर निघालं – हृदयातही लोखंड साठलंय. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण आहे? मुलाला चिठ्ठी धाडली – 'गोळी घेत नव्हतो, तुला खोटं सांगितलं. ये म्हणत नाही. वाचलंस एवढं तरी लवकर कळव.'