इनास मास्तरांचा अकरावा कागद

गिरगाव, मुंबई
१९ एप्रिल १९६०

तीर्थरूप शामरावमामांचे चरणी बंडूचा साष्टांग नमस्कार. (पोट वाढल्यामुळे आठांपैकी तीन अंगं अलीकडे जमिनीला टेकत नाहीत, ती टेकली असं धरून चालावं.) आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमची खुशाली बकुळामामींच्या पत्रांतून कळते. गुडघा दुखतो, चहात साखर वाढली आहे आणि सूर लागत नाही म्हणून गावच्या भजनी मंडळाला तुम्ही दर एकादशीला रडवता, हेही कळलं. तुमच्या हातचं कार्ड चार वर्षांत एकदाच आलं, त्यात 'पाऊस बरा' एवढे दोनच शब्द होते. पाऊस बरा होता हे वाचून आम्हाला आनंद झाला. मास्तर गेल्याचं मी शिमग्याआधी कळवलं, त्याला उत्तर आलं नाही. मामींनी मात्र लिहिलं की त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि विचारलं तर पोटावर ढकललंत.

हे पत्र मामीच मोठ्याने वाचून दाखवणार आणि त्यांनी मास्तरांना कधी पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगतो. तुम्ही तेवढा वेळ आंब्याच्या पेट्या मोजा. तर मामी, इनास मास्तर म्हणजे आमच्या वाडीतल्या लाकडी जिन्याच्या घरात वर राहणारे गोव्याचे वादक. फोर्टातल्या एका बड्या हॉटेलात साहेबलोक ज्या जाझ बँडवर नाचत, त्याच्या चाली तेच बांधत. शिवाय दर रविवारी वाडीत त्यांचा स्वतःचा बँड जमे, हॉटेलातले थोडे आणि माझ्यासारखे हौशी थोडे. चाल एक आणि वाजवणारे अकरा. कोणी काय वाजवायचं आणि कोणी कधी गप्प बसायचं हे ठरवून प्रत्येकाचा वेगळा कागद लिहायचा, हे मास्तरांचं काम. इतर लोक कागदाच्या डोक्यावर वाद्याचं नाव लिहितात, मास्तर माणसाचं लिहीत. तिसरं क्लॅरिनेट नव्हे, 'बंडू'. आणि कागद शिंप्याने माप घेतल्यासारखा त्या माणसाला बेतलेला. वरळी कोळीवाड्यातल्या दगडूचा ट्रंपेटवर सहाव्या आवर्तनाला दम संपतो, म्हणून सातवं त्याला मोकळं. माझ्या कागदावर अवघड जागा आली की लिहिलेलं असे, 'इथे बंडू ऐकेल'. चार मिनिटांच्या चालीत बंडू तीन मिनिटं ऐकत असे. एकदा मी तक्रार केली तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुता, बँडाक आयकपी एक तरी जाय." (बँडला ऐकणारा एक तरी हवा, मामी.) मी इतका खूश झालो की अपमान झाल्याचं घरी पोचल्यावर लक्षात आलं.

आता मामींना त्या कुत्र्याबद्दल सांगितलं पाहिजे. मामा, तुम्ही कितीही गुडघ्याचं नाव पुढे केलंत तरी जिन्याच्या वळणावर बसणाऱ्या मास्तरांच्या कुत्र्याला तुम्ही भीत होतात. म्हणून तालमीला आलात की खाली गल्लीत उभं राहून ट्रॉम्बोनवर तीन सूर काढायचे, दोन खालचे, एक वरचा. वरून मास्तर पियानोवर चौथा सूर देत. त्याचा अर्थ, कुत्रं बांधलं, वर या. शेजारच्या शांताकाकू त्या चार सुरांवर घड्याळ लावत आणि तुम्ही उशिरा यायचात म्हणून त्यांच्या घरी सगळंच उशिरा होई.

छप्पनच्या जानेवारीत मोर्च्यात तुम्हाला पकडलं, चार दिवस आत ठेवलं, आणि सुटून आलात तर हॉटेलच्या बँडमधल्या तुमच्या खुर्चीत दुसराच ट्रॉम्बोनवाला बसलेला. त्या संध्याकाळी तुम्ही गल्लीत आलात पण तीन सूर वाजवले नाहीत. उघड्या गळ्याने ओरडलात, "मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत ह्या शहरात पाय ठेवणार नाही आणि ह्या नळीला तोंड लावणार नाही!" (वाडीने टाळ्या वाजवल्या. तुम्ही भाषण करताय असं त्यांना वाटलं.) मास्तर खिडकीत उभे होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही देवगडची बोट धरलीत. तेव्हापासून रविवारच्या तालमीत एक खुर्ची रिकामी असायची आणि तिच्यावर कोणी टोपी ठेवली तरी मास्तर ती उचलून त्याच्या हातात देत.

गेल्या नाताळात ते काठी टेकत टेकत प्रत्येकाच्या घरी गेले आणि एकेक कागद देऊन आले. चालीचं नाव लिहिलं होतं 'होईल तेव्हा'. कधी होईल, काय होईल, कोणालाच कळेना. एकट्याचा कागद वाजवून पाहावा तर चूळ भरल्यासारखा आवाज यायचा. आजारी माणसाला कशाला विचारा म्हणून आम्ही विचारलं नाही आणि मार्चात ते गेले. मग महाराष्ट्राची तारीख ठरली. १ मेच्या रविवारी पाच वाजता मास्तरांच्या घरी, वरच्या खिडक्या सताड उघडून हीच चाल वाजवायची असं ठरलं आणि कागद गोळा करण्याचं काम, तीन मिनिटं मोकळा असतो म्हणून, माझ्याकडे आलं.

आठ कागद सहज मिळाले. माटुंग्याच्या सॅक्सोफोनवाल्याच्या घरी मात्र त्याची बायको राजलक्ष्मीबाई हिने तो देवघरात ठेवलेला. मास्तरांची शेवटची अक्षरं, म्हणून रोज हळदकुंकू. देवाजवळचा कागद हलवायचा नाही, म्हणाली. मग मी देवघरासमोर मांडी घालून, धुपाने खोकत, तीन वेळा कॉफी पीत तो उतरवून घेतला. उतरवताना कुंकवाचे ठिपकेही सूर समजून उतरवले. तालमीत त्या जागी सॅक्सोफोनने जो आवाज काढला त्याने शांताकाकूंची मांजर दोन दिवस घरी आली नाही. दगडूचा कागद त्याच्या आईने, गंगूबाईंनी, खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबला होता. त्याला सुक्या बोंबलाचा असा वास येतो की दगडू वाजवताना मध्येच जेवायची वेळ विचारतो.

अकरावा कागद सापडेना. शेवटी मास्तरांच्या बहिणीने, आंजेलाबाईंनी, ट्रंकेतून काढून दिला. वर नाव 'शामराव'. खाली आठ आवर्तनांच्या रेघा मारलेल्या आणि त्यात एकही सूर नाही. एकच ओळ, 'शामराव, खालून. तो वाजवेल ते.'

गेल्या रविवारी आम्ही पहिल्यांदा सगळी चाल वाजवली. मामा, ती गिरणीच्या भोंग्यासारखी खालून सुरू होते. मग त्यात मोर्च्याची पावलं येतात, ट्रंपेट चढत जातात, आता काहीतरी होणार असं वाटतं आणि सगळेच्या सगळे एकदम थांबतात. प्रत्येकाच्या कागदावर आठ आवर्तनं मोकळी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याबरोबर सगळा बँड ऐकत बसला होता. काही येईना. मग पियानोवर आंजेलाबाईंनी कागदाप्रमाणे एक सूर दिला. एकच. तो तुमचा चौथा सूर होता. दगडूने ट्रंपेट मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आयला बंडू, म्हातारा शामरावांना वर बोलावतोय रं!" आम्ही सगळे खिडकीकडे बघत होतो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, लपवायला क्लॅरिनेट फार बारीक पडतं.

असो. तुम्ही यावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तुमचा गुडघा, आंब्याचे दिवस, सगळं मला कळतं. पत्राचं कारण एवढंच की घरातली आमसुलं संपली आहेत, ती कोणाबरोबर तरी पाठवावीत. बकुळामामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
बंडू

ता. क. ट्रॉम्बोन मोडीत घातला असं तुम्ही सर्वांना सांगता. दर शनिवारी माळ्यावरून काढून तो चिंचेच्या कोळाने घासता, असं मामी लिहितात. तोंड लावत नाही, म्हणजे शपथ शाबूत आहे. तिची मुदत १ मेला संपते. मास्तरांनी चालीला ते नाव का दिलं हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

आणखी एक ता. क. हे मामींनी मोठ्याने वाचू नये. तुम्ही बोट धरलीत त्या दिवशी मास्तरांनी तुम्हाला द्यायला माझ्याकडे चिठ्ठी दिली होती. मी वेळेवर भाऊच्या धक्क्यावर पोचलो होतो. बोट लागलेली होती. तुम्ही कठड्याशी उभे राहून रडत होतात. तुम्हाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. चांगला सव्वीस वर्षांचा घोडा मी, काथ्याच्या गठ्ठ्यांमागे लपलो. तुम्ही डोळे पुसलेत की पुढे जाऊ, असं म्हणत राहिलो आणि बोट सुटली. मास्तरांना सांगितलं, दिली. त्यानंतर ते चार वर्षं उत्तराची वाट बघत होते आणि मी ते बघत होतो. चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिच्यात काय आहे ते मला पाठ आहे. 'शामराव, त्यांनी तुझी खुर्ची दुसऱ्याला दिली. मी माझी सोडून आलो. कुत्रं बांधलंय. वर ये.'

शेवटचं. कुत्रं म्हातारं झालं आहे, त्याला आता बांधावं लागत नाही. पण तुम्ही खालून तीन सूर द्या. चौथा त्या दिवशी आंजेलाबाई देणार नाहीत, मी देणार आहे. इतकी वर्षं ऐकतोय, तेवढा एक सूर मला येतो.