दीपगृह आणि तुझी खिडकी

मंगळवार, ता. १४, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी नमस्कार घातला म्हणजे काहीतरी मागणार, हे तू ओळखलंसच.

इकडे आम्ही सगळे मजेत. फोन केव्हाच बंद पडला, म्हणून पाणी पुरवणाऱ्या बोटवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. आईचा खोकला कसा आहे? तिची खाट खिडकीपासून हलव. वारा लागतो.

जहाज अजून बंदराबाहेरच, डोंगराच्या आडोशाला नांगरलेलं. मालकाचा पत्ता नाही, इंजिन बंद, आणि घर डोळ्यांसमोर. काल तू निळी चादर वाळत घातलीस आणि चिमटा खाली पाडलास. दुर्बिणीतून सगळं दिसतं, तेव्हा भावोजींशी जरा बेताने भांड.

सगळे म्हणजे आता दोघेच, ताई. बाकीचे सकाळी उतरले. बोटवाला मलाही म्हणतोय, "वारा फिरलाय. हा आडोसा एकाच बाजूचा. चल, बस गुमान." पण आमच्या म्हाताऱ्या सारंगाचा, खलाशांच्या म्होरक्याचा, पाय मोडलाय, दोराच्या शिडीवरून त्याला उतरवता येत नाही. बंदरवाले मोठी बोट पाठवतो म्हणालेत, ती उद्या. "जा रे तू, मी काय पळून जाणार आहे?" म्हणून तो हसला, पण माझी बाही काही सोडेना.

मी घाबरलोय. अक्षर बघच.

नांगर घसरतोय का, ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून कळतं. मी दीपगृह आणि तुझी खिडकी धरली होती. सकाळी खिडकी बरोबर दीपगृहाच्या डोक्यावर होती. आता ती बाजूला गेलीये. खिडकी कशी सरकेल? आम्हीच सरकतोय, खडकांकडे. मी नांगराची आणखी साखळी सोडली तेव्हा जहाज थांबलं. आता थोडीच उरलीये.

म्हणून मागणं एवढंच. अंधार पडला की खिडकीत मोठा दिवा लाव, उजाडेपर्यंत विझवू नकोस. तो दीपगृहापासून आणखी लांब गेला, की उरलेली साखळी सोडायची. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.

आणि खाटेला वारा लागतो, हे मी खोटं सांगितलं. त्या खिडकीतून आमचा कंदील दिसतो. तो हलतोय का, हे आईला रात्रभर बघायला लावू नकोस.

बोटवाला खालून ओरडतोय. त्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवलीये. तिथे हे पत्र ठेवतो.

तुझ्या दिव्याकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा