जयवंतीचे बासष्ट

१८ जून २०१८

शाळेच्या टीममधल्या चौदाही मुली आज लॅपटॉपवरच्या फुटबॉल-गेममध्ये घातल्या. संघ आपणच चालवायचा, खेळाडू आपणच घडवायचे. सकाळी मुलींनाही समजावून सांगितलं — प्रत्येकीचे दोन आकडे, आजचा खेळ आणि कुवत. कुवत दोनशेपैकी. एकदा लिहिली की गेम ती बदलत नाही. तिच्या आत मुलगी किती वाढते, ते सामने, सराव आणि स्वभाव ठरवतात.

योगिताला १४०. जयवंतीला ६२, बचावात डावीकडे. गेल्या वर्षी पोरगी जीव तोडून धावायची. पण आज सरावाला उशिरा आली, कारण न सांगताच मैदानात उतरली. मला राग आला होता, एवढंच.

मधेच हेडसरांनी बोलावलं. परत आलो तर स्टाफरूममध्ये जयवंती, बॉलची जाळी ठेवायला आलेली. लॅपटॉप उघडाच राहिला होता.

१४ जुलै

गेममध्ये पाच वर्षं पुढे गेलो. योगिता राज्याच्या संघात! जयवंती बाकावरच. मैदानावरही तेच — महिनाभर कोणी ओढत नेल्यासारखी धावते. आपला अंदाज चुकत नाही म्हणायचा.

२१ ऑगस्ट

जिल्ह्याच्या निवड चाचणीला शाळेतून दोनच नावं. योगिता आणि जयश्री.

जयवंतीने विचारलं, "सर, माझं नाय?"

"पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी ती दहावी होऊन शाळेतून जाणार. मला माहीत होतं. तरी बोललो.

३० सप्टेंबर

झाईला एका चिकूवाडीत गेलो होतो. तिथे जयवंती आणि तिची आई रूपी तोडणीवर. आई झाडावर, ही खाली. आईच्या हातून निसटलेला चिकू ही वरच्या वर झेलते. डावीकडे, उजवीकडे, एकदा तर आडवी झेप घेऊन.

"खाली पडला तं डागतो, मंग कोन घेतो?" रूपी म्हणाली. "शाळेच्या आधी रोज येते माझ्यासंगं."

म्हणून उशीर! आणि हे हात गोलकीपरचे आहेत. दोन वर्षं माझ्यासमोर होती आणि मी तिला बचावात उभी केली. चाचणी तर होऊनही गेली.

१ ऑक्टोबर

गेममध्ये तिला गोलात घेतलं. सगळे सामने दिले, चांगला सराव दिला. चौथ्या वर्षी ६२ वर येऊन थांबली. थांबणारच, मीच तसं लिहिलंय. खोडून १५० केले. आता त्याचा तिला काय उपयोग? माझी मलाच लाज वाटली.

३ ऑक्टोबर

आज मैदानावर जयवंतीला गोलात उभी केली. अकरा फटक्यांपैकी नऊ अडवले. न राहवून विचारलं, "गेल्या वर्षी एवढी धावायचीस. यंदा काय झालं गं?"

हातमोजे काढता काढता म्हणाली, "तुम्हीच लिवलंत ना सर, बासष्ट. मंग धावून काय करू?"