गॅरेजमधली मेथी

आई, तुम्हाला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपला सगळा व्यवहार तुमच्या लेकीमार्फत चाले. मिरजेहून तुमचा फोन आला की मी 'नमस्कार करतो' एवढं म्हणून रिसीव्हर तिच्या हातात देत असे. पुढे तुम्ही आमच्याकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहायला आलात, तरी समोरच्या माणसाला मीठ हवं आहे का, हेसुद्धा आपण दोघं तिलाच विचारत होतो. आता ते मधलं माणूस राहिलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात तुमची लेक गेली. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली. ही बातमी माझ्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचली असेल असं मानणाऱ्यांपैकी मी नाही, म्हणून रीतसर कळवतो आहे. फार हाल झाले नाहीत. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत ती गॅरेजमधल्या तिच्या बैठ्या स्टुलावर जाऊन बसत होती.

त्या गॅरेजबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले आहेत. तुम्ही आलात त्या सुमारास तिने लहानपणापासून शिकलेलं भरतनाट्यम बाजूला ठेवलं होतं आणि ती स्वतःची नृत्यं रचू लागली होती. पाठीशी संस्था नाही, पगार नाही, सरावाला जागा नाही. कुठल्याशा चर्चचा हॉल ज्या वेळी दुसऱ्या कोणालाच नको असे, त्या वेळी तिला मिळे. मी गॅरेज रिकामं केलं, भिंती पांढऱ्या रंगवल्या, एक मोठा आरसा लावला आणि तुम्ही आलात त्याच दिवशी मोठ्या अभिमानाने तुम्हाला ते दाखवायला नेलं. मला तुम्ही अजून दिसता. अंगावर शाल, पायांत माझे लोकरी मोजे, आणि तुम्ही उकिडव्या बसून तळहाताने काँक्रीटवर दोन थापा मारता. आरशाकडे तुम्ही पाहिलंही नाही. "जावईबापू, या जमिनीवर तुम्ही जरा उड्या मारून दाखवा बघू," तुम्ही म्हणालात. मला ती थट्टा वाटली, पण तुम्ही हसत नव्हतात. मी ऑफिसच्या बुटांनिशी उड्या मारल्या आणि थोड्याच वेळात पोटरी धरून आरशाला टेकलो. "ती रोज मारते," एवढंच म्हणून तुम्ही चहा टाकायला आत गेलात.

मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. वरून आलेला भार कुठेतरी जिरवावाच लागतो, जमिनीने जिरवला नाही तर तो गुडघ्याला जिरवावा लागणार, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती; फक्त ते गॅरेजला लागू आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या वसंतात मी रबराच्या गाद्यांवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवूडचे दोन थर आणि त्यावर काळं व्हिनाइल अशी जमीन बांधली. ती आजही पावलाखाली किंचित दबते आणि पाऊल परत देते. माझ्या हातून झालेल्या बांधकामांपैकी सर्वांत समाधानाचं काम तेच, असं मी निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणात म्हणालो होतो. सहकाऱ्यांना तो विनोद वाटला.

दुसरे आभार मेथीचे. तुमची लेक सराव करू लागली की तुम्ही दारापाशी खुर्ची टाकून मेथीची जुडी निवडत बसत होतात. मला वाटलं, तुमचं लक्ष नाही. एकदा मी तुम्हाला विचारलं, अर्थात तिच्यामार्फतच, की आईंना हे बघायला कंटाळा येतो का. या वेळी मात्र तुम्ही थेट मला उत्तर दिलंत. तुम्ही शिकवत होतात त्या शाळेत मुलं कविता म्हणायला उभी राहिली की तुम्ही मुद्दाम विणायला घेत होतात, कारण बाई टक लावून बघायला लागल्या की मूल घाबरतं आणि पाठ असलेलंही विसरतं. हाताला काम असलं की डोळे मऊ होतात, असं तुम्ही म्हणालात. "आणि हात आपोआप थांबले, की समजायचं इथे काहीतरी झालं." मग तुम्ही अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवलीत. मी म्हणालो, मला नृत्यातलं काही कळत नाही. "कळायचं कशाला? पुलाबद्दल लिहिता ना, तडा कुठे, वाकलंय कुठे, तसं काय दिसलं तेवढं सांगा. छान आणि वाईट तिचं ती बघेल."

आई, तुम्हाला त्या अर्ध्या जुडीचं महत्त्व कदाचित वाटलं नसेल. तोवर माझ्या बायकोच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीच्या मी दाराबाहेर उभा होतो. तुम्ही मला आत बसायला जागा दिलीत आणि बसून करायला काम दिलंत. त्यानंतर इतकी वर्षं मी त्या जागेवरून उठलो नाही.

तुमच्यामागे तिने ती पद्धत पुढे चालवली, आणि केवळ स्वतःसाठी नाही. तिच्यासारखे एकेकटे काम करणारे नर्तक या देशात पुष्कळ आहेत. कोणी शाळांत मुलांना शिकवून पोट भरतो, कोणी कॅफेत कॉफी करतो, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम रचतो; ते अर्धवट असताना दाखवायला मात्र त्याला कोणीच नसतं. पूर्ण झालेलं बघायला लोक येतात, अर्धवट बघायला कोण येणार? ती बोलवायची. रविवारी दुपारी गॅरेजचा हीटर लावायचा, आलेल्या प्रत्येकाला मेथी नाहीतर कोथिंबिरीची जुडी द्यायची, एकाने नाचायचं, बाकीच्यांनी निवडत निवडत बघायचं, मग प्रत्येकाने काय दिसलं तेवढं सांगायचं, आणि शेवटी तीच भाजी सगळ्यांनी मिळून खायची. ग्लासगोचा एक उंच मुलगा माझ्यापेक्षा चांगली मेथी निवडायला शिकला. ज्यांचं काम अडलं असे, ते लाजून यायचे थांबत. त्यांना ती स्वतः फोन करी. "काम होत नसेल तेव्हा जास्त ये," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते मला तिच्या आवाजाशिवाय लिहिताच येत नाही.

माझे हात मात्र कधी थांबत नसत. त्यावरून माझी थट्टा होई. तुमच्यासमोर मला अहो म्हणणारी तुमची लेक तुम्ही झोपायला गेलात की अरे-तुरेवर येत असे, हे आता सांगायला हरकत नाही. "तुझे हात जेवण आलं की थांबतात, नाचाला नाही," असं ती सर्वांसमोर म्हणायची. ज्या दिवशी याचे हात थांबतील त्या दिवशी तो नाच तयार झाला असं समजा, हेही तिनेच पसरवून ठेवलं होतं.

ती गेल्यानंतर मी गॅरेजला कुलूप लावलं. कोणी विचारलं तर बघू म्हणत होतो. या वसंतात स्लाऊहून एका मुलीचा फोन आला. मराठीच, इथे जन्मलेली, तिशीच्या आतली. तुमची लेक तिच्या एका एकल नृत्यावर दोन वर्षं तिच्यासोबत काम करत होती. एका लहान थिएटरने ते सादर करायला तिला एक संध्याकाळ देऊ केली होती. दुसरीकडे हीथ्रोजवळच्या एका ऑफिसात तिला पक्की नोकरी मिळत होती आणि तिथे तिला त्या आठवड्यात उत्तर द्यायचं होतं. नाचाच्या मधला एक भाग तिला साधत नव्हता. मावशींनी तो काढायचा नाही, शोधायचा, असं तिला सांगून ठेवलं होतं, आणि शोधण्याआधी मावशी गेल्या. "काका, एकदा फक्त तुम्ही बघा. नाही झालं तर मी ती इव्हनिंग परत देते आणि जॉब घेते. आय विल बी फाइन, रिअली." मी तिला सौजन्याने नाही म्हणालो. गॅरेज सध्या बंद आहे, असं मी म्हणालो, जणू ते माझ्या अखत्यारीबाहेरचं कौन्सिलचं काम होतं.

रविवारी बेल वाजली. रेडिंगला गाडी बदलून ती आली होती, आणि तिच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. "इकडे मिळेल की नाही माहीत नव्हतं, म्हणून स्लाऊची आणली," ती म्हणाली. कॉव्हेंट्रीत मेथी मिळत नाही असं मानणारी माणसं स्लाऊत आहेत, हे ऐकून तुमची लेक काय म्हणाली असती ते मला तत्काळ ऐकू आलं, आणि दारातल्या माणसाला परत पाठवणं मला शक्य झालं नाही. मी किल्ली आणली. आत थंडी होती. हीटर लावला, जमीन पुसली, माझी खुर्ची नेहमीच्या ठिकाणी ठेवली. बैठं स्टूल जिथे होतं तिथेच राहू दिलं. मुलीने ते पाहिलं आणि दुसरी जुडी त्याच्यावर ठेवली.

ती नाचू लागली आणि मी निवडू लागलो. सुरुवात चांगली बांधलेली आहे. मग तो मधला भाग येतो. तिथे नाच म्हणावा असं काहीच नाही. ती एका पायावर भार देऊन उभी असते, बस स्टॉपवर फार वेळ थांबलेलं माणूस उभं राहतं तशी, आणि तो भार दुसऱ्या पायावर नेऊ पाहते. तो जात नाही. पुन्हा नेऊ पाहते. माझे हात थांबले. ते थांबलेले तिला नाचताना दिसले असावेत, कारण तिचा श्वास बदलला, पण ती थांबली नाही. संपल्यावर ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही स्टॉप झालात."

मी तिला पुन्हा एकदा नाचायला सांगितलं. कारण मी तिला दिलं नाही, तिने विचारलंही नाही. दुसऱ्या वेळी मी केवळ तिच्याकडे पाहिलं, आणि हात पुन्हा त्याच ठिकाणी थांबले. तेव्हा मी जे दिसलं तेवढं सांगितलं: उजव्या पायावरचा भार तू डाव्यावर न्यायला बघत होतीस, डावा पाय तयार होता, पण भारच जायला तयार नव्हता. ती उठून पुन्हा उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो जायलाच नको. मी दोन वर्षं त्याला पोचवत होते." आम्ही भाजी केली. जेवताना तिने थिएटरला फोन करून ती संध्याकाळ नक्की केली, आणि मग मला विचारलं, पुढच्या रविवारी आणखी कोणी आलं तर चालेल का. मी म्हणालो, येणाऱ्यांना मेथी आणू नका म्हणून सांग, ती इथे मिळते.

त्या मुलीला जे सांगितलं नाही ते आता तुम्हाला सांगतो, आणि मग हा कागद ठेवून देतो. तो कुठे पाठवायचा नाहीच. पहिल्या वेळी माझे हात थांबले तेव्हा मी तिच्याकडे पाहत नव्हतो. मी स्टुलाकडे पाहिलं होतं, तुमच्या लेकीचे हात थांबले का हे बघायला. इतकी वर्षं मी त्या गॅरेजमध्ये हेच करत आलो. नाच मी पाहिला, जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलंही. पण बहुतेक वेळ मी तुमच्या लेकीचे हात पाहत होतो, आणि ते पाहताना माझे चालू राहत. हे मी तिला कधी बोललो नाही. तिला लिहायला बसतो, तर पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही. तुम्हाला लिहिणं त्या मानाने सोपं गेलं. एकमेकांशी बोलायला मधलं माणूस लागणं, ही या घरातली जुनी सवय आहे, आई. या वेळी ते माणूस तुम्ही आहात.