दोघांचा इंग्रजीचा पेपर

५ जानेवारी
लेकीचा एसी-फ्रिज दुरुस्तीचा कोर्स संपला. वर्गात पहिली! मोठ्या दवाखान्यात औषधांची थंड खोली सांभाळायला माणूस हवाय — कायमची जागा. कोर्स नाहीतर दहा वर्षांचा अनुभव, काहीही चालेल. पण इंग्रजीचं प्रमाणपत्र हवंच. आता कॉम्प्रेसर काय इंग्रजीत कण्हतो? — मी तडकलो.
"बाबा, तुम्ही चिडून अट जाणारे का?"
नाही जाणार.

९ जानेवारी
बोलायच्या सरावाला जोडीदार पाहिजे म्हणे. मग काय, पंचवीस वर्षं छपरांवर चढून एसी दुरुस्त करणारा घरचा मेकॅनिक आहेच! तिने परीक्षेचा अर्ज माझाही भरून टाकला — एकटीला तिथे धडधडतं म्हणे. जेवताना मीठ मागायचं तर इंग्रजीत. तिची आई हसून हसून बेजार. मी अळणीच जेवलो.

२ फेब्रुवारी
मीठ मिळालं!

१७ फेब्रुवारी
परीक्षा झाली. आमच्या लेकबाईंनी घोळ घातला. ऐकण्याच्या पेपरात कानाला हेडफोन, आणि लक्ष कुठे — तर हॉलच्या एसीकडे!
"तीन मिनिटांत चार वेळा बंद पडून चालू झाला, बाबा. गॅस गळतोय त्याचा."
कच्च्या कागदावर वेळासुद्धा टिपल्या होत्या. पेपर सुटल्यावर पर्यवेक्षकांना गाठून गळती कुठे शोधायची तेही सांगून आली. ते बिचारे बघतच राहिले.
मला एसी ऐकूच आला नाही. मशीनखोल्यांत अर्धे कान गेलेत माझे. हेडफोनचा आवाज पुरा चढवून बसलो होतो. घरी येताना तिला चांगलं झापायचं ठरवलं होतं. पण इतका अभिमान वाटत होता की वाटेत थांबून तिला उसाचा रसच पाजला.

११ मार्च
निकाल लागला. मी पास. ती तीन गुणांनी नापास.
मावशीला, आत्याला, सगळ्यांना स्वतः फोन लावत होती — "आमचे बाबा पास झाले!" मला कुठे तोंड लपवू असं झालं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोवर जागा कोण धरून ठेवतंय? संध्याकाळी ती हत्यारं पुसत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. एक पाना उचलून मीही पुसायला घेतला.

१९ मार्च
दवाखान्यातून मुलाखतीचं पत्र आलं. माझ्या नावाचं! नोकरीचा अर्ज तिनेच भरला होता, माझा अनुभव लिहून, मला न विचारता.
"गुडघे दुखतात ना, बाबा? छपरांवर चढणं बंद आता."