कपाटातली प्रार्थनेची वही

रविवार, २ फेब्रुवारी २००३

आज चर्चमध्ये भक्तीत अंगावर काटा आला! उपदेश संपता संपता पाळक साळवे डोळे मिटून थांबले. म्हणाले, इथे एक आई बसली आहे, तिच्या मुलाने औषध पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. प्रभू तिला म्हणतो, रडू नकोस. कलावतीताईंनी ओंजळीत तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडल्या. सगळ्या हॉलने वळून पाहिलं.

मी देवाचे आभार मानले. हे शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून नागपूर-भंडाऱ्याकडून बदलून आलेली किती कुटुंबं आपल्या मंडळीत आली, पण धड पाळक नव्हता. साळव्यांना बोलवावं म्हणून पंचांशी सगळ्यात जास्त भांडले ती मीच. पाळकाला पाठबळ द्यावं, त्याच्या जेवणखाणाकडे बघावं, पाठीमागे कुरकुर करू नये. शास्त्र हेच सांगतं.

कलावतीताईंच्या गौतमची ती गोष्ट त्यांनी फक्त माझ्या कानावर घातली होती. बाकी सगळ्यांना टायफॉइड सांगितला. मी ती फक्त प्रार्थनेच्या वहीत लिहिली. शुक्रवारी उपासप्रार्थनेला बायकांच्या विनंत्या मी त्या वहीत उतरवते, आणि आठवडाभर ती माझ्या कपाटात साड्यांखाली असते. म्हणजे पाळकांना दाखवलं ते आत्म्यानेच!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कलावतीताई आल्या. चहा घेतला नाही. गौतमची बायको काल माहेरी निघून गेली, अभनपूरला. तिलाही टायफॉइडच सांगितला होता, आणि रविवारी ती सासूच्या शेजारी बसली होती.

"मी तुलेच सांगितलं होतं, पद्मिनी. अजून कोणाले नाही."

मी म्हटलं, आत्म्याने दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्म्याले दाखवाचंच होतं त पाळकानं मले एकटीले बोलावून सांगाव. चारचौघांत काहून?"

मला राग आला. पाळक देवाचा अभिषिक्त आहे, त्याच्याविरुद्ध बोलू नका म्हणाले. असं म्हणाले मी — एका आईला! त्या उठून गेल्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मन थाऱ्यावर नाही. दोन पोळ्या करपल्या.

साळव्यांनी आजवर सांगितलेलं एकेक आठवून पाहिलं. राधाच्या सासरची भांडणं. ममताचं दुसऱ्यांदा पोट पडलं ते. आणि आता गौतम. सगळं वहीतलं. वहीबाहेरचं एकही नाही! आत्म्याला माझंच अक्षर तेवढं वाचता येतं का?

पाठबळाची वचनं मला तोंडपाठ आहेत. पारखून घ्या, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, हेही त्याच शास्त्रात आहे. ते मी कधी पाठ केलं नाही. सोयीचं नव्हतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वहीत खोटं लिहिलं. प्रार्थनेहून घरी आल्यावर, कुणी बघत नसताना. "पद्मिनी — छातीत गाठ. घरी सांगितलेलं नाही." तोंडाने कुणाजवळ बोलले नाही. वही जागच्या जागी ठेवली.

प्रभू, माफ कर. दुसरा मार्ग सुचला नाही. आणि जे मनात आलंय ते खोटं निघू दे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हे संध्याकाळी पाळकांकडे गेले. जानेवारीत साळव्यांनी ह्यांना पंच केलं तेव्हापासून शनिवार तिकडेच. जायच्या आधी पाण्याची बादली माझ्या हातातून घेतली, म्हणाले, तू बस. बावीस वर्षांत पहिल्यांदा! मला हसू आलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं. पाळक डोळे मिटून म्हणाले, "एका बहिणीच्या छातीत गाठ आहे. तिनं घरी सांगितलेलं नाही."

मी पाळकांकडे पाहिलंच नाही. ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून बसले होते.

घरात आम्ही दोघंच. तिसरं कोण येणार कपाटात?

आपल्या बायकोला गाठ आहे असं ह्या माणसाने वाचलं. माझ्या हातचं जेवला, माझ्या शेजारी झोपला, मला विचारलं नाही. पाळकाला जाऊन सांगितलं! मला सहन होत नाही. ते बाकीच्या बायकांचं राहू दे, ह्या एका गोष्टीने मी मोडले.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी सरळ विचारलं. आधी नाही नाही म्हणाले. मग खाली बसले. पाळकसाहेब म्हणाले होते, पंचाले मंडळीचं दुःख माहीत पाहिजे. प्रार्थनेसाठीच सांगत होते म्हणे. दर शनिवारी.

"अन् माझं? मले काहून नाही विचारलं?"

म्हणाले, "भेव वाटला. वाटलं, ते प्रार्थना करतीन, बरं होऊन जाईन."

मी सांगितलं, गाठ नाही. मुद्दाम लिहिलं होतं.  हे डबाही न घेता ऑफिसला गेले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पंचांची बैठक. मी सगळं सांगितलं, खोटं लिहिलं तेही. यशवंतराव सगळ्यांत जुने पंच, माणूस सरळ. म्हणाले, मंडळीच्या वडिलावर, म्हणजे पाळकावर, आरोप घ्यायचा तर दोन-तीन साक्षीदार पाहिजेत, पौलाने तीमथ्याला पत्रात तसंच लिहिलंय. खरं आहे. नाहीतर कुणीही उठून कुणालाही बदनाम करील.

एक साक्षीदार मी. कलावतीताई आल्या होत्या, बिचाऱ्या, पण त्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं? उरले हे.

यशवंतरावांनी नाव घेऊन विचारलं. "रत्नाकर, तू वही वाचली काय?"

"नाही," म्हणाले. माझ्यासमोर. सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून कबूल केलेला माणूस!

साळवे हळू आवाजात बोलले. वहीत खोटं लिहिल्याचं बहिणीने स्वतःच कबूल केलंय, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी माझ्यासाठी डोकी झुकवली. वही पाळकबाईंकडे दिली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उपासप्रार्थनेला गेले नाही. उपास मात्र घडला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कलावतीताईंकडे जाऊन पाय धरले. त्यांनी धरू दिले नाहीत. सुनेचा अजून फोन नाही. आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो. उद्या भक्तीला एकत्र जायचं ठरलं, मागच्या रांगेत.

ह्यांच्याशी बोलणं नाही. ताट वाढते, तेवढंच.

रविवार, १६ फेब्रुवारी

भक्तीत साक्षीच्या वेळी, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, हे उभे राहिले. माझ्या बायकोच्या छातीत गाठ होती, म्हणाले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि आता नाही. मी मागून उठून ओरडले, गाठ कधी नव्हतीच!  मग यशवंतरावांनी दोन्ही हात वर केले आणि गाठ गेली म्हणून अख्खी मंडळी देवाची स्तुती करू लागली. हे माझ्याकडे वळून रडत होते. आनंदाने. त्यात खोटं काही नव्हतं.