माझ्या यकृताबद्दल

मी, यामिनी प्रभाकर टिपणीस, वय ४६, व्यवसाय संशोधन, राहणार टेमघर, भिवंडी, जि. ठाणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शरीर थकलं आहे, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझा मायक्रोस्कोप, वजनकाटा व पुस्तकं कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावीत. डीप फ्रीजरमधले खाडीच्या माशांचे आणि बगळ्यांचे नमुने त्यांनी मागितले तर द्यावेत. मागणार नाहीत. मग ते जाळावेत. खाडीत टाकू नयेत.

२. ज्या समितीने प्रदूषणावरच्या माझ्या अहवालातून आपल्या खाडीचं नाव खोडून 'एक जलाशय' असं लिहिलं, तिला माझ्याकडून काही नाही. शोकसभा घेतलीच, तर तिने मला 'एक महिला' म्हणावं.

३. सोन्याची साखळी माझी भाची रुचिरा हिला.

४. माझ्या शरीराबाबत. दापोड्याची मासे विकणारी कमळाबाई मला तपासायला खाडीतले मासे देई आणि वर एक जादा. "ह्यो कापाला, न ह्यो खावाला. नुस्ती कापतंस, जेवतंस कवा?" नको म्हणणं म्हणजे तिच्या पाटीला विष म्हणणं. मी वर्षानुवर्षं ते मासे खाल्ले. माशांच्या यकृतात शिसं सापडलं, बगळ्यांच्याही. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं येईनाशी झाली. माणसाचं यकृत मात्र कुणी दिलं नाही. कमळाबाई यकृताच्याच आजाराने गेली, तेव्हा मी तिच्या मुलाला, हितेशला, विचारलं. तो म्हणाला, "आयेला आख्खी जाऊ दे, ताई." मी परत आले.

आता माझंच यकृत गेलं आहे. माशांमुळेच गेलं असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. म्हणूनच दहनापूर्वी त्याचा तुकडा काढून तपासावा. त्याने खाडी सुधारेल अशी आशा मला उरलेली नाही. गोदामं वाढतील, पाणी रोज नव्या रंगाचं येईल. फक्त अहवालातलं 'माणसांबाबत माहिती उपलब्ध नाही' हे वाक्य पुन्हा कुणाला लिहिता येऊ नये.

वकीलसाहेब सांगतात, मृतदेह ही माझी मिळकत नव्हे. हे कलम कुणावर बंधनकारक नाही. सही लागेल ती माझ्या धाकट्या भावाची, सुश्रुतची. तो म्हणतो, "यमूताई, चिरलेली बहीण मी खांद्यावर घेणार नाही. दुसरं काहीही माग." दुसरं काही नकोय रे मला.

५. टेमघरचा फ्लॅट. वकीलसाहेब म्हणाले, "अट घाला मॅडम. सही नाही तर घर नाही. लगेच तयार होतील." मी ती अट लिहवून घेतली, वाचली आणि काढायला लावली. फ्लॅट सुश्रुतला, विनाअट. सही केली तरी, नाही केली तरी.

या मृत्युपत्राची प्रत त्याला आजच देत आहे. सुश्रुत, यकृत फार लवकर खराब होतं. विचार करायचा असेल तर आत्ता कर, मी आहे तोवर.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) यामिनी प्रभाकर टिपणीस

यामिनीताईंनी वरील मजकूर आमच्यादेखत वाचून सही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार:
१. (सही) चांगदेव राघो म्हात्रे, दापोडे
२. (सही) मेघाली विशाल कर्णिक, टेमघर